कूस बदलताना

पुणे आणि आसपास गेल्या काही वर्षांत वृद्धांची दीर्घकाळ शुश्रूषा करणारी केंद्रं बरीच निघाली. मुलं परदेशात, किंवा इथंच पण दोघंही नोकरीला. आईला अर्धांगवायू झालेला, नाहीतर वडिलांना स्मृतिभ्रंश. अशा केंद्रात डॉक्टर फेरीला येतात, सिस्टर औषधं आणि इंजेक्शनं बघतात. बाकीचे सगळे तास मावशींचे आणि मामांचे, म्हणजे साहाय्यकांचे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींच्या वर होती, त्यांतली कोटीभर तर महाराष्ट्रातच. म्हणजे सांभाळणारे हात लागणारच, आणि त्या हातांना शिकवणंही आलं. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं नर्सिंग होममधल्या साहाय्यकाला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. आपल्याकडे ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’चे अभ्यासक्रम आहेत, पण कितीतरी बायका आज माणसं पुरवणाऱ्या ब्युरोत नाव घालतात आणि उद्या ड्यूटीवर उभ्या राहतात. मीही ब्युरोतूनच आले. आता नव्यांना शिकवते. ज्याचा हात रोज अंगाला लागतो त्याला शरीरातला बदल सगळ्यांच्या आधी कळतो, हे त्यांच्या मनावर ठसावं म्हणून माझी धडपड असते. बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

१. आधी हात

साबण आणि पाण्यानं ४० ते ६० सेकंद, हँडरब असेल तर २० ते ३० सेकंद. बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांची टोकं हमखास राहून जातात, म्हणून मी नव्यांना तिथूनच सुरुवात करायला लावते. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना हातमोजे बदलायचे, आणि मोजे काढल्यावरही हात धुवायचे. आतले हात स्वच्छच आहेत असं मोज्यांमुळे उगाच वाटतं.

बांगड्यांचा विषय नाजूक असतो. ऐंशीच्या पुढे कातडी पातळ होते, काचेच्या बांगडीची कड घासली तरी सोलपटते आणि ती जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही. लग्न झालेल्या मुलीला ‘बांगड्या काढ’ म्हणणं मला जड जातं. मी तिला एखाद्या आजींच्या हातावरचे जांभळे डाग दाखवते. बहुतेकजणी दुसऱ्या दिवशी आपणहून बांगड्या घरी ठेवून येतात, आणि मंगळसूत्र गणवेशाच्या आत घालतात.

२. अंगाला हात लावण्याआधी सांगा

दार वाजवायचं, समोरून यायचं, आपलं नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं. बेशुद्ध माणसालाही. ‘आजोबा, आता तुम्हाला डावीकडे वळवते’ असं म्हणायला फार वेळ लागत नाही. न सांगता कुणी पाठीमागून खांदा धरला, तर धडधाकट माणूससुद्धा दचकेल. इथं तर पुष्कळांना धड ऐकू येत नाही, दिसत नाही.

सगळ्यांनाच आजी-आजोबा म्हणायची गरज नाही. घरच्यांना विचारून घ्यावं. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या, ‘आजी’ म्हटलं की तोंड घट्ट मिटायच्या. कुणीतरी ‘बाई, नाश्ता आणलाय’ म्हणालं आणि त्यांनी मान वळवून पाहिलं. आयुष्यभर शाळेत त्यांना हीच हाक ऐकायची सवय होती. तेव्हापासून ती त्यांच्या फायलीच्या पहिल्या पानावर लिहिलेली होती.

३. कूस

या कामातलं सगळ्यांत महत्त्वाचं कुठलं, असं विचारलं तर मी हेच सांगेन. स्वतःहून हलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. ज्याची कातडी फार नाजूक आहे त्याची त्याहूनही आधी, सिस्टर सांगतील तशी. हाड जिथं कातडीला लागून असतं तिथं गादीचा दाब पडून रक्त पोचत नाही: माकडहाड, टाचा, कमरेच्या दोन्ही बाजू, कोपर, खांद्याची पाती, डोक्याचा मागचा भाग, कानाची पाळीसुद्धा. तिथली कातडी मरते आणि आतपर्यंत जखम होते. त्यालाच आम्ही बेडसोअर म्हणतो.

पूर्ण कुशीवर टाकायचं नाही, कारण मग सगळा भार एका खुब्यावर येतो. पाठीला उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवायचं. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटऱ्यांखाली उशी अशी सरकवायची की टाचा अधांतरी राहतील. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. दोघांनी मिळून ड्रॉ शीटनं, म्हणजे अंगाखालच्या आडव्या चादरीनं, उचलून सरकवायचं. ओढलं की कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं मांस पुढे जातं. वरून काही दिसत नाही, नुकसान आत झालेलं असतं.

कूस बदलताना दिवा लावून पाठ बघा. लाल चट्टा दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर रक्त फिरतंय. लालच राहिला तर जखमेला सुरुवात झाली आहे. सावळ्या आणि काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, आणि आपल्याकडची बहुतेक माणसं त्याच वर्णाची. तिथं डोळ्यांवर विसंबू नका. हाताची मागची बाजू लावून पाहा: आसपासच्या भागापेक्षा गरम लागतंय का, टणक किंवा लिबलिबीत लागतंय का, माणूस तिथं हात लावला की कण्हतो का.

आता घरच्यांविषयी. प्रेमानं तेल आणतात आणि म्हणतात, लाल झालंय तिथं जरा चोळून द्या. चोळू नका. दाबानं आधीच दुखावलेल्या कातडीला चोळल्यानं आणखी इजा होते. पावडरचे थर नकोत, घामानं त्याचे गोळे होऊन टोचतात. मधे भोक असलेली गोल रबरी गादीही नको, तिच्या कडेचा दाब भोवतालचं रक्त अडवतो. आणि एअर बेड आणला म्हणून कूस बदलणं थांबत नाही. हजारो रुपयांचा एअर बेड घेऊन दिलेल्या मुलाला हे सांगणं अवघड जातं. तरी सांगावंच लागतं.

कूस बदलल्याचा तक्ता खाटेला लावलेला असतो. रात्रभराच्या खुणा पहाटे सहाला बसून एकदम करण्याची पद्धत मी काही ठिकाणी पाहिली आहे. कागदावर दर दोन तासांनी उजवी-डावी, आणि माकडहाडावर मात्र फोड. तसा तक्ता ठेवण्यापेक्षा कोरा ठेवलेला बरा. कोरा असला तर निदान सकाळची सिस्टर पाठ तपासते.

४. भरवणं

आडवं ठेवून भरवू नका. शक्यतो ९० अंशांत बसवा, खाटेवर नाहीतर खुर्चीत. हनुवटी किंचित खाली हवी, मान मागे टाकलेली नको. आपण त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं, कारण उभं राहून भरवलं की माणूस वर बघतो, मान मागे जाते आणि घास श्वासनलिकेकडे जाण्याची शक्यता वाढते. चमचा लहान. एक घास गिळल्याची खात्री, मग दुसरा. गिळताना गळ्याची घाटी वर जाऊन खाली येते, ती बघायला शिका. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी बसतं ठेवा.

अर्धांगवायूच्या माणसाला घास चांगल्या बाजूनं द्या. लुळ्या बाजूच्या गालात भात साठून राहतो आणि त्यांना तो जाणवत नाही. जेवणानंतर गाल तपासा.

लोकांना वाटतं, पातळ पदार्थ सोपे. ज्याची गिळण्याची ताकद गेली आहे त्याला साधं पाणी सगळ्यांत अवघड. ते घशातून इतक्या पटकन उतरतं की श्वासनलिका मिटायला वेळच मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे पातळ आणि घट्ट एकत्र: पातळ आमटीत तरंगणारी भाताची शितं, दुधातले पोहे. मऊ वरणभात एकजीव घोटून द्या. मेतकूट-भात, नाचणीचं सत्त्व, सरसरीत खिचडी चालते, पण किती दाट ते डॉक्टर किंवा गिळण्याची तपासणी करणारे थेरपिस्ट ठरवतात, आपण नाही. दिवाळीत नातेवाईक चिवडा आणि बेसनलाडू घेऊन येतात. चिवडा सुटा, लाडू टाळूला चिकटणारा. मी डबा हातात घेते, कौतुक करते आणि सिस्टरांना विचारल्याशिवाय उघडत नाही.

ठसका लागला की पाणी पाजायचं आणि टाळूवर थापटायचं, हे घरोघरी चालतं. दोन्ही करू नका. खोकता येतंय तोवर खोकू द्या, तो खोकलाच घास बाहेर काढतो. खोकला बंद झाला, आवाज फुटेना, चेहरा निळसर व्हायला लागला तर ओरडून सिस्टरांना बोलवा, पुढे वाकवा आणि पाठीत दोन पात्यांच्या मधे तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं जोरानं थाप मारा. हे प्रात्यक्षिक आधी करून घेतलेलं असावं, त्या वेळी पुस्तक आठवत नाही.

आणि ज्यांना ठसकाच लागत नाही त्यांच्याकडे जास्त लक्ष. जेवणानंतर आवाज घोगरा, पाण्यातून आल्यासारखा गुळगुळ येत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, तर घास मुकाट्यानं फुप्फुसात जातोय अशी शंका घ्या आणि सांगा.

उपासाचं एक वेगळं. आषाढी एकादशीला आमच्याकडच्या अर्ध्या आज्या उपास धरतात. ‘काही होत नाही, जेवा’ असा हट्ट करू नये. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना उपास आणि निर्जळी दोन्ही धोक्याचं, म्हणून आदल्या दिवशीच सिस्टरांच्या कानावर घाला. डोस बदलायचा की उपासाचं काय खायचं, हे त्या डॉक्टरांना विचारून ठरवतील.

नळीनं अन्न जाणाऱ्यांचंही तोंड रोज पुसायचं. तोंडानं खात नाही म्हणून तोंड स्वच्छ राहत नाही, उलट कोरडं पडून जिभेवर पांढरा थर धरतो.

५. उठवणं

खाटेवरून एकदम उभं करू नका. आधी पाय खाली सोडून बसवा, मिनिट-दोन मिनिटं थांबा, ‘गरगरतंय का?’ विचारा. म्हातारपणी, त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना, उठताक्षणी दाब उतरतो. व्हीलचेअरचे ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. अर्धांगवायू असेल तर खुर्ची चांगल्या बाजूला ठेवा, म्हणजे ते स्वतःच्या ताकदीवर वळतात. लुळा हात धरून ओढला तर खांदा सांध्यातून उतरतो. पुढे ते दुखणं कायमचं मागे लागतं. कमरेला पट्टा बांधून तो धरा.

हवाई चपला घालून बाथरूमला नेऊ नका. मागे पट्टा असलेल्या, तळाला पकड असलेल्या हव्यात. पडण्याच्या पुष्कळ घटना रात्री संडासला जाताना होतात, म्हणून झोपण्याआधी, मध्यरात्री आणि पहाटे आपणहून विचारायचं. घंटा वाजण्याची वाट बघायची नाही.

जेवढं त्यांना जमतं तेवढं त्यांनाच करू द्या. शर्टाची बटणं लावायला आजोबांना दहा मिनिटं लागतात, मी लावली तर अर्धं मिनिट. पण महिनाभर मीच लावली की त्यांची बोटं ती विसरतात. पाळीत माणसं कमी असली की घाईनं आपणच सगळं करून टाकतो. त्याचा दोष मी नव्या मुलींना देत नाही, माणसं कमी ठेवणाऱ्यांना देते.

६. अंघोळ, कपडे, जानवं

पाणी मनगटाच्या आतल्या बाजूनं तपासा. चेहरा आधी, डोळे साबणाशिवाय, नाकाकडून कानाकडे. ज्या भागाला पुसतोय तेवढाच उघडा, बाकी चादरीखाली. पडदा ओढलेला, दार लावलेलं. नव्वदीची बाईसुद्धा लाजते आणि तिला लाजायचा हक्क आहे. बाईमाणसाला बाईनंच पुसावं, निदान तिला विचारून तरी ठरवावं.

कपडे घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. जानवं, गळ्यातला ताईत, तुळशीची माळ काढायची झाली तर परवानगी घ्या आणि अंघोळ झाल्यावर लगेच परत घाला. मधुमेह्यांची पायाची नखं कापू नका, ते काम सिस्टरांचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि तळवे रोज बघा, कारण खिळा रुतला तरी त्यांना कळत नाही. त्यांच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी तर कधीच नको.

७. डायपर आणि पिशवी

डायपर ओला झाला की बदलायचा, भरण्याची वाट बघायची नाही. बायकांना पुढून मागे पुसायचं, नाहीतर संडासचे जंतू लघवीच्या वाटेकडे जातात. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकवता. चाकाच्या खुर्चीत बसवताना ती मांडीवर ठेवायची सवय अनेकांना असते. पिशवीतली लघवी उलटी आत जाते. रंग, वास, गढूळपणा बघा. तीन दिवस संडास झाली नाही तर सांगा. यातलं काहीही करताना नाक मुरडायचं नाही. त्यांची नजर आपल्या चेहऱ्यावरच असते.

८. तिन्हीसांजा

स्मृतिभ्रंशाच्या माणसांना दिवस मावळायला लागला की बेचैनी येते. ‘मला घरी जायचंय. पोरं शाळेतून येतील, दिवा लावायचाय.’ पोरं साठीची झालेली असतात. ‘आजी, तुमचा मुलगा आता रिटायर झाला’ असं समजावू नका. त्यांना ते पटत नाही, फक्त आपण त्यांना अडवतोय एवढं कळतं. ‘घरी काय करायचंय?’ असं विचारा आणि त्या उत्तराच्या मागे जा. पोरांच्या खाण्याची काळजी असेल तर खाण्याविषयी बोला. हातांना काम द्या: मेथी निवडणं, वाटाणे सोलणं, टॉवेलच्या घड्या, फुलवाती. मेथीची जुडी पुढ्यात ठेवली की काहीजणींचे हात आपसूक चालायला लागतात. अंधार पडण्याआधी दिवे लावा, कारण सावल्यांची त्यांना भीती वाटते. टीव्हीवरच्या बातम्या बंद. एका वेळी एकच सूचना, साध्या शब्दांत.

शहाण्या-सुरत्या माणसानं एकाएकी, दिवसाभरात, असंबद्ध बोलायला सुरुवात केली तर ते ‘वय झालं’ नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, नव्या औषधाचा परिणाम, काहीही असू शकतं. ती तातडीची बाब आहे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत वाढतो, एका रात्रीत नाही.

ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं चेहऱ्यावर वाचा: कपाळाच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, हात लावला की मारणं. चिडखोर म्हणून बदनाम झालेल्या एका आजोबांची दाढ किडलेली निघाली. ती काढल्यावर मारणं थांबलं.

९. बांधू नका

नळी ओढतात म्हणून हात खाटेला बांधणं मी पाहिलं आहे. बांधलेला माणूस जास्त झटापट करतो, मनगटं सोलवटतात, आणि भीती कायमची बसते. खाटेचे कठडे वर केले तरी गोंधळलेला माणूस त्यांवरून चढतो आणि जास्त उंचावरून पडतो. खाट खाली घ्या, शेजारी गादी अंथरा, हातात कापडाचा तुकडा द्या, जवळ बसा. नळी खरंच लागते का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

१०. सांगा, आणि नेमकं सांगा

‘आजी आज बऱ्या नाहीत’ याला कुणी दाद देत नाही. ‘रोज दीड पोळी खातात, आज अर्धी खाल्ली, सकाळपासून लघवी एकदाच, गडद, हाक मारली की डोळे उघडतात पण लगेच मिटतात’ असं सांगितलं की सिस्टर उठतात. काय पाहिलं तेवढं सांगा, रोगाचं नाव आपण ठेवायचं नाही. औषध आपण बदलायचं नाही, नळी आपण घालायची नाही. हद्द सांभाळली की आपल्या शब्दाला वजन येतं. आणि नुसतं ‘काहीतरी वेगळं वाटतंय’ एवढंच असेल तरी सांगा. रोजच्या हाताला वाटलेलं बहुधा खरं निघतं. पाळी बदलताना खाटेजवळ उभं राहून सांगायचं, गेटवरून जाता जाता नाही.

११. शेवटचे दिवस

खाणं सुटतं. घरचे म्हणतात, ‘दोन चमचे तरी पाजा.’ गिळणं गेल्यावर जबरदस्तीनं पाजलेलं पाणी छातीत जातं. ओठ आणि जीभ ओल्या कापसानं ओलसर ठेवा. गंगाजलाचा थेंब द्यायचा असेल तर तोही असाच, ओठांवर. पाय गार पडतात, श्वास मधे मधे थांबतो. घरच्यांना हे आधी सांगून ठेवायला सिस्टरांना विनंती करा, म्हणजे ते घाबरून धावपळ करत नाहीत. जाणाऱ्या माणसाविषयी खोलीत बोलताना तो ऐकतोय असं धरून बोला. वेदना असेल तर ती शमवता येते. पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपशामक उपचार केंद्र १९९७ पासून हेच काम करत आलं आहे. मॉर्फिनचं नाव काढलं की लोक घाबरतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते वेदनेवरचं औषध आहे. माणूस गेल्यावरही अंग पुसताना पडदा ओढलेला असावा.

१२. स्वतः आडवं होऊन बघा

प्रशिक्षणात मी नव्यांना जोड्यांनी बसवते. एकीला खाटेवर झोपवायचं, दुसरीनं उभ्यानं, न बोलता, भरभर दलिया भरवायचा. मग तेच बसून, ‘आता गोड आहे, पुढचा चमचा पाण्याचा’ असं सांगत. डोळ्यांवर पट्टी बांधून व्हीलचेअरमधून न सांगता फिरवायचं. एका कुशीवर अजिबात न हलता पडून राहायला सांगायचं. तरुण मुली असतात, तरी पंधरा-वीस मिनिटांतच ‘मॅडम, खांदा दुखतोय, वळू का?’ विचारतात.

त्याच दिवशी त्यांच्या कमरेचंही शिकवते: खाट आपल्या कमरेच्या उंचीला आणा, पाय फाकवून उभ्या राहा, गुडघ्यांतून वाका, वळताना कंबर पिळू नका, पावलं टाका, जड माणसाला एकटीनं उचलू नका. ज्या मालकाला दोन माणसं परवडत नाहीत, त्याला जड माणूस घेऊ नका म्हणून सांगायची माझी तयारी असते. पाठीचा मणका सरकलेल्या मावशीला पुढे कुणी विचारत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जोड्यांचं आणि कमरेचं हे सगळं एका दिवसाचं काम आहे, चहा आणि जेवणाची सुट्टी धरून. हा दिवस भरल्याशिवाय मी कुणालाही वॉर्डात एकटीनं ड्यूटी लावत नाही, मग ब्युरोवाले कितीही घाई करोत.